स्लॅबातली खिडकी आणि कलाबाईच्या कुरोड्या

मी खिडकी बोलतेय. अहो, भिंतीकडे काय बघताय, मान वर करा! मी छतात आहे. अख्ख्या जळगाव जामोदचं मला माहीत नाही, पण आमच्या गल्लीत स्लॅबात बसलेली खिडकी मी एकटीच. याचा मला तोरा आहे आणि तो मी लपवतही नाही.

माझा जन्म बसस्टँडमागच्या उद्धवच्या दुकानात झाला. उद्धवने आयुष्यभर फाटकं, ग्रिल आणि शटरं केली. छतातली खिडकी त्याने फक्त मोबाइलवर पाहिलेली! तरी काम अंगावर घेतलं. माझी ॲल्युमिनियमची चौकट त्याने तीनदा जोडली आणि दोनदा उकलली. काच खामगावहून आली, तीही गादीत गुंडाळून. तीन फूट लांब, दोन फूट रुंद, आणि चांगली जाडजूड. चौकटीला रबर लावून त्याने मला मिटलं, उघडलं, पुन्हा मिटलं. असं चाळीस वेळा तरी केलं असेल. मग दुकानात दुसरं कुणी नसताना म्हणाला, "जमली बे!" म्हणजे मलाच म्हणाला. त्या दिवसापासून मी हवेत आहे.

मला मागवलं होतं प्रेमानंद गुरुजींनी. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. त्यांचं घर लांबट, दोन्ही बाजूंनी शेजारच्या भिंती चिकटलेल्या. त्यामुळे मधल्या खोलीला खिडकी नाहीच, भर दुपारी बल्ब लावावा लागतो. आणि त्याच खोलीत त्यांची आई, कलाबाई, जानेवारीपासून खाटेवर पडून होती.

ही कलाबाई म्हणजे कुरोड्यांची राणी. गव्हाचा चीक शिजला की नाही, हे ती भांड्यात न डोकावता नुसत्या वासावरून सांगायची. उन्हाळा आला की गल्लीतल्या बाया तिच्याच गच्चीवर जमायच्या. हिवाळ्यात ती गच्चीवर वाळत घातलेली तूर घेऊन जिना उतरत होती, पाय घसरला आणि खुबा मोडला. ऑपरेशन चांगलं झालं. वॉकर आला. डॉक्टरांनी बजावलं की आता रोज उभं राहायचं, नाहीतर पाय आखडतील आणि मग खाट सुटणार नाही.

पण कलाबाई उठेचना. चार पावलं टाकायची म्हटलं की भिंतीकडे तोंड फिरवायची. एकदा लेकाला म्हणाली, "उठून काय पाहू रे? इथं दिवसही बल्बाचा, रातही बल्बाचीच." गुरुजींना ते फार लागलं. माय वर जाऊ शकत नाही, तर वरचं खाली आणू, असं म्हणून ते उद्धवकडे गेले आणि बुद्धपौर्णिमेच्या आत काम झालंच पाहिजे म्हणून मागे लागले.

स्लॅब कापायचा दिवस काय सांगू! मशीनचा आवाज ऐकून सगळी गल्ली गच्च्यांवर उभी. समोरच्या नारायणरावांनी तर डोक्यालाच हात लावला. "लोकं गळतं छत बुजवतात, अन् हा पोट्टा धडधाकट छताले भोक पाडून राह्यला," असं ते येईल त्याला सांगत होते. उद्धवने आधी खालून टेकू लावले, मग बेतानं तुकडा कापून काढला. भोकाभोवती विटांचा हातभर उंच कठडा रचला, पाणी निथळावं म्हणून एका बाजूला उतार दिला आणि वर मला बसवलं. मग बादल्यांवर बादल्या ओतल्या. खाली सूनबाई धम्मशीला वर्तमानपत्र अंथरून, मान वर करून उभी. सातव्या बादलीला कागदावर टपकन थेंब पडला. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला! उद्धवने ती फट पुन्हा भरली, एक दिवस सुकू दिली आणि दुसऱ्या दिवशी वीस बादल्या ओतल्या. कागद कोरडा ठाक!

मग पुढच्या खोलीत हलवलेली खाट परत आणून बरोबर माझ्याखाली लावली. कलाबाईने डोळे किलकिले केले. नेमकी तेव्हाच वरून एक घार तरंगत गेली. "घार हाये," ती म्हणाली, आणि जरा वेळाने पुन्हा, "प्रेमा, घार हाये रे!" गुरुजी चष्मा पुसायला लागले. त्या दिवशी ती पोटभर जेवली. मी तर आनंदाने फुटायचीच बाकी राहिले होते!

पुढचे आठ-दहा दिवस आमचे मजेत गेले. माझ्यातून खाली उन्हाचा चौकोनी कवडसा पडे आणि तो खोलीभर सरके. कवडसा कपाटाला लागला की अकरा, पाण्याच्या माठाला लागला की साडेबारा, हे तिने दोन दिवसांत ठरवून टाकलं. सातपुड्याकडून आलेलं एक वानर माझ्यावर बसून आत बघू लागलं, तर तिने त्याचीही विचारपूस केली.

पण उभी? छे! वॉकर कोपऱ्यात धूळ खात पडला. "पडल्या पडल्या समदं दिसते आता," असं ती समाधानानं सांगू लागली. एका संध्याकाळी धम्मशीला नवऱ्याला हळूच म्हणाली, "तुम्ही खिडकी केली, पण आता त्यायले उठाचं कारणच नाई राह्यलं." वर मी सगळं ऐकत होते. इतका तोरा मिरवणारी मी, पण त्या वाक्याने पार खचले. म्हणजे मीच तिला खाटेला बांधलं की काय?

आणि मग तो कुरोड्यांचा दिवस उजाडला.

शेजारची गोजरबाई, म्हणजे कलाबाईची धाकटी जाऊ, बायांना घेऊन सकाळीच गच्चीवर आली. चीक खदखदत होता, साचे फिरत होते, पोरं वाट्या घेऊन गरम चीक खात होती. लुगडी भरली, प्लास्टिकचे कागद भरले, तरी चीक उरला. गोजरबाईची नजर माझ्यावर पडली. स्वच्छ काच, ती पण तापलेली! शिवाय तिला वाटलं, कलाबाईच्या डोळ्यावर ऊन येत असेल, तेवढीच सावली होईल. बिचारीचा हेतू अगदी चांगला होता. तिने माझ्या अंगावर ओळीने कुरोड्या पाडायला सुरुवात केली. गरम, चिकट, गोल गोल कुरोड्या. बघता बघता मी आंधळी झाले!

खाली खोलीत अंधारलं. कवडसा गेला. कलाबाईने आधी हाक मारली. वर बायांचा गलका, कोण ऐकतंय? तिने पुन्हा हाक मारली. मग ती माझ्याकडे टक लावून बघू लागली. कुरोडीची खालची बाजू इतक्या वर्षांत तिने कधी अशी पाहिली नव्हती. तासाभराने तिच्या कपाळावर आठी आली, कारण वरून गोजरबाईचा हात आला आणि पहिल्या ओळीतली कुरोडी उलटायला लागला. वरून सुकलेली दिसत असेल, पण खालून ती ओलीकच्च होती आणि काचेला चिकटून तिचे तुकडे होत होते.

कलाबाई उठून बसली. पाय खाली सोडले. वॉकर हाताशी नव्हता, दोन पावलांवर होता. खाटेचा कठडा धरून, दात-ओठ खात ती उभी राहिली! भिंतीला धरत वॉकरपाशी गेली, तो डाव्या हातात घेतला. मला उघडायची लांब दांडी कोपऱ्यातच टांगलेली असते, ती उजव्या हातात घेतली आणि परत माझ्याखाली आली. दारात धम्मशीला येऊन थांबली होती. धावत जाऊन धरावं असं तिला किती वाटलं असेल! पण शहाणी बाई, तोंडावर पदर धरून जागची हलली नाही.

टक, टक, टक. दांडीचं टोक माझ्या काचेला लागलं. कलाबाईच्या हातचा तो मला झालेला पहिला स्पर्श.

वर गोजरबाईने दचकून दोन कुरोड्या बाजूला सारल्या आणि वाकून आत पाहिलं. बरोबर खाली कलाबाईचं तोंड, वर रोखलेलं. गोजरबाईच्या हातातला साचाच गळाला.

"बाई, तू उभी हायेस का वं?"

"उभी नाई तं काय लटकली? वल्ल्या हायेत त्या. काऊन पलटून राह्यली आत्ताच?"

एवढं बोलल्यावर कलाबाई थांबली. तिने खाली आपल्या पायांकडे पाहिलं. मग वॉकरकडे, मग दारातल्या सुनेकडे. धम्मशीलाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कलाबाईही रडली, पण खाटेवर बसली नाही. उभ्या उभ्याच रडली.

आता पावसाळा सरत आलाय. मला रोज सकाळी उघडायचं काम कलाबाईचं, दुसऱ्या कुणी दांडीला हात लावलेला तिला खपत नाही. माझ्या काचेवर एका कुरोडीचा चिकाचा डाग अजून आहे. इतका पाऊस झाला, तरी गेला नाही. उद्धव तो पात्याने खरवडून काढणार होता, तिने हात लावू दिला नाही. कवडशात त्या कुरोडीची गोल सावली पडते आणि दिवसभर कलाबाईच्या मागे-पुढे फिरते.

गच्चीचा जिना एकोणीस पायऱ्यांचा आहे, तोच, जिथून ती पडली होती. काठी टेकत कालपर्यंत ती अकरा पायऱ्या चढली. पुढच्या उन्हाळ्यात चीक गच्चीवरच शिजवणार, असं तिने गोजरबाईला बजावून ठेवलंय.

माझं एकच मागणं आहे. आमच्या गल्लीत कधी आलात आणि एखादी म्हातारी जिन्यावर दिसली, तर धावून हात देऊ नका. खाली उभं राहून नुसत्या पायऱ्या मोजा. कलाबाईचं तोंड मी रोज माझ्या खालच्या बाजूला, खोलीत बघते. अजून आठ पायऱ्या, की ते मला वरच्या बाजूला, गच्चीवर दिसेल.