पाणी सोडून बघायची सवय

आमच्या बाबांना वाट बघता येत नाही. जन्मभर प्लंबिंग केलं. नळ जोडला, पाईप बसवला, की हात पुसायच्या आधी पाणी सोडून बघायचं. गळलं नाही तर काम झालं, गळलं तर परत पाना हातात. धंदा सुटला, पण सवय काही सुटली नाही. ती आमच्या गाडीच्या इंजिनापर्यंत पोचली आणि माझ्यावर कपाळ बडवून घ्यायची वेळ आली.

झालं असं. इंजिनाच्या तळाशी ऑईल साठवणारं एक पसरट भांडं असतं, मिस्त्री त्याला चेंबर म्हणतात. ते जिथे इंजिनाला चिकटतं तिथून आमचं ऑईल गळायला लागलं. आधी थेंब होते, मग डबकं व्हायला लागलं. आणि नेमका तेव्हाच आत्तेभावाचा फोन आला, की आत्यानं खाणंपिणं सोडलंय, डॉक्टरांनी आशा सोडलीये, आणि ती एकच धोशा लावून बसलीये, धाकट्याला आणा.

धाकटा म्हणजे आमचे बाबा. आजी लवकर गेली तेव्हा यांना आत्यानंच, म्हणजे त्यांच्या अक्कानं, वाढवलं, त्यामुळे ती नुसती बहीण नाही. पण बाबा जिन्यावरून पडले तेव्हापासून दोघांची भेट नव्हती. त्यांचा उजवा पाय गुडघ्यात वाकतच नाही. बसमध्ये तो मावत नाही. भाड्याच्या गाडीवाल्यानं त्यांना आत बसवून बघितलं, पाय दाराबाहेर तसाच राहिला, तेव्हा "माफ करा काका" म्हणून तो निघून गेला. आमच्या गाडीची पुढची सीट मी वेल्डरकडून पार मागे सरकवून घेतलीये. बाबा मावतात ते तेवढ्या एकाच जागी. म्हणजे ही गाडी निघाली तरच बाबा निघणार.

मिस्त्रींच्या गॅरेजात पाय ठेवायला जागा नव्हती. त्यांनी मला फट बुजवायच्या पेस्टची ट्यूब दिली, पुढची चाकं चढवायला लोखंडी उतार दिले आणि म्हणाले, "ताई, घरीच करा. अवघड नाही, किचकट आहे. जुनी पेस्ट खरवडून काढा, जागा कोरडी करा, नवीची बारीक रेघ ओढा, बोल्ट बेतानं आवळा. मग रात्रभर सुकू द्या, हात लावायचा नाही. ऑईल सकाळी."

हे बाबांसमोर सांगितलं होतं. दोनदा.

दुपारभर मी गाडीखाली पाठीवर पडून होते. डोळ्यांत काजळी, केसांत ऑईल. बाजूला स्टुलावर बाबा, पाय लांब सोडून, देखरेखीला.

"अजून एक पीळ दे," ते म्हणाले.

"बाबा, हा नळ नाहीये."

"गळणारी वस्तू आवळली की थांबते, एवढं कळतं मला."

"जास्त आवळलं तर सगळी पेस्ट बाहेर येते. मिस्त्रींनी सांगितलंय."

"तो मिस्त्री काल जन्मलाय."

"मग त्याच्या आधी जन्मलेल्यांनी या खाली."

ते हसले. "फौजदार आहेस नुसती," म्हणाले. लहानपणापासून हेच नाव आहे मला, आणि खोटं नाही. शेवटचा बोल्ट आवळून मी बाहेर आले, वाकून सगळीकडून बघितलं. रेघ एकसारखी बसली होती. स्वतःच्या हातानं केलेल्या कामाचा आनंद काय असतो ते मला त्या दिवशी कळलं, आणि तो अंघोळीपुरताच टिकला.

डोकं पुसत बाहेर आले तर बॉनेट उघडं. बाबा एका हातात काठी घेऊन उभे, दुसऱ्या हातात ऑईलचा कॅन, उपडा, रिकामा.

"भरून टाकलं," ते म्हणाले. "सकाळचा वेळ वाचला. उजाडताच निघू, दुपारच्या आत अक्कापाशी."

इतका उजळलेला चेहरा मी कितीतरी दिवसांत बघितला नव्हता. मी खाली वाकले. पेस्टची रेघ जागोजागी फाटली होती आणि सगळ्या बाजूंनी ऑईल ठिबकत होतं.

"गळतंय का?" त्यांनी विचारलं. त्यांना वाकता येत नाही.

"गळतंय."

मग माझं डोकं फिरलं. काय काय बोलले ते सांगत नाही. रात्रभर म्हणजे काय हे कळत नाही का, तुमचीच बहीण ना, तुमच्यासाठीच चाललंय ना हे. शेवटी बाबा अगदी बारीक आवाजात म्हणाले, "आवळ ना मग जरा."

मी मिस्त्रींना फोन लावला. "परत उतरवा सगळं," ते म्हणाले. "ऑईल लागलेल्या जागेवर पेस्ट धरत नाही. पुसून कोरडं करा, नवी लावा, आणि परत एक रात्र."

"तसंच ऑईल भरत भरत गेले तर?"

"मध्येच इंजिन बसेल ताई. वडिलांना घेऊन रस्त्यात उभ्या राहाल."

ट्यूब संपली होती आणि दुकानं बंद झाली होती. सकाळी दुकान उघडायच्या आधी मी दारात उभी होते. परत येऊन बघते तर बाबा इस्त्रीचा शर्ट घालून गाडीत बसलेले, मांडीवर पिशवी. उतारांवर चढवलेल्या गाडीत ते एकटे कसे शिरले, त्यांनाच ठाऊक.

"आज निघता येणार नाही, सांगितलं ना."

"माहितीये. नुसता बसतो."

मी गाडीखाली शिरले, ऑईल काढून चेंबर उतरवलं आणि खरवडायला लागले. नवी रेघ ओढून झाली, बोल्ट बेतानं आवळले, तेवढ्यात वर फोन वाजला. आत्तेभाऊ होता. त्यानं आत्याच्या कानाशी फोन धरला, बाबांनी इकडे स्पीकर लावला.

"धाकट्या, निघालास का रे?"

बाबा म्हणाले, "निघालो अक्का."

मी गाडीखाली तशीच पडून राहिले.

"कुठवर आलास?"

"पूल ओलांडला आत्ताच. दोन्ही बाजूंना शेतं लागलीत. रस्ता चांगलाय."

"गाडी कोण चालवतंय?"

"आपली फौजदार."

"तिला म्हणावं, सावकाश." आत्याला धाप लागली. "गाडीचा आवाज येत नाही रे."

इंजिनात ऑईलचा थेंब नव्हता, ते चालू करता येणार नव्हतं. मी सरपटत बाहेर आले, खिडकीतून काळा हात आत घातला आणि हॉर्न दाबला.

"ऐकलंस?" बाबांनी विचारलं.

"ऐकलं. ये. मी थांबलेय."

मग आत्तेभाऊ लाईनवर आला. स्पीकर चालूच होता; तो मला हळूच म्हणाला, "ताई, आता तिला बोलवत नाही. यापुढे मी फोन करेन तो काही झालं तरच."

मी नळावर हात धुवायला लागले. साबणानं काळं निघत नव्हतं. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग धरायला समोर फक्त तेच होते.

"सुकायला किती वेळ?" बाबांनी गाडीतून विचारलं.

"उद्या सकाळपर्यंत."

"मी हात लावणार नाही," ते म्हणाले, आणि दोन्ही हात मांडीवरच्या पिशवीखाली घातले.

जेवायला ते उतरले नाहीत. मी ताट गाडीत दिलं, ते तसंच परत आलं. मग मीही मागच्या सीटवर जाऊन बसले. ऊन भिंतीवरून सरकत गेटापर्यंत गेलं. बाबा समोरच्या काचेतून आमच्याच गेटाकडे बघत होते.

फोन वाजला. आत्तेभावाचं नाव दोघांनाही दिसलं.

मी हात पुढे केला.

"उचलू नकोस," बाबा म्हणाले. "आपण अजून रस्त्यात आहोत."

मी उचलला नाही. तो वाजून वाजून बंद झाला.