गुंजांची माळ

"आ कर. अजून मोठा आ कर." मी ठकीच्या तोंडात बोट घालून चाचपत होते आणि ती खिदळत माझं बोट चावत होती. तिला हा नवाच खेळ वाटत होता.

ठकी ही माझ्या ताईची मुलगी, तीन वर्षांची. ताई शाळेत मुख्याध्यापिका, म्हणून दिवसभर ठकी माझ्याकडे असते. मी घरीच शिवणकाम करते. त्या दुपारी बटणांच्या डब्यात तळाशी माझी लहानपणची गुंजांची माळ सापडली. त्या लालबुंद, काळ्या ठिपक्याच्या बिया जमवायचं आम्हा बहिणींना वेड होतं. कुंपणावरच्या शेंगा सोलायच्या, सुई तापवून बियांना भोकं पाडायची, बोटं भाजून घ्यायची आणि वर आईची बोलणी खायची. माळ बघून मला अगदी भरून आलं. "मावशीने केलीय हं," म्हणत मी ती ठकीच्या गळ्यात घातली आणि पुन्हा मशीनवर बसले. इतक्या वर्षांत दोरा कुजला असेल, हे दोऱ्यावरच पोट भरणाऱ्या माझ्या डोक्यात आलं नाही.

टपटप आवाज आला. वळून बघते तर गुंजा फरशीभर झालेल्या आणि ठकी काहीतरी चघळतेय.

तोंडात काहीच सापडलं नाही. थुंकलं की गिळलं, ते तिला सांगता येईना. गंमत म्हणून मी ताईला फोन लावला. 

"चावली का तिने?"

"काय माहीत! का गं?"

"विषारी असतात त्या. शाळेत सूचना आली होती. अख्खी गिळली तर बहुतेक तशीच बाहेर पडते. पण आपल्या बियांना भोकं आहेत, त्यांतून विष बाहेर येतं."

मी मशीन सरकवलं, चटई झटकली, कापडांचे गठ्ठे उपसले, एकूण एक गुंज पातेल्यात गोळा केली. मग कडेवर ठकी आणि हातात पातेलं घेऊन दवाखान्याकडे धावत सुटले. वाटेत ती गाणं म्हणत होती. मधेच थांबली की मी तिला हलवून पुढची ओळ म्हणायला लावायचे.

"त्रास लगेच दिसेलच असं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "एखादी तरी पोटात गेलीय का, ते कळायला हवं. माळेत किती होत्या?"

लहानपणी मोजल्या होत्या, पण आता कुठे आठवायला?

तेवढ्यात ताई आली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझी माळ आहे घरी. आईने दोघींना समान वाटून दिल्या होत्या."

ही ताई! माझ्या डब्याला कायम 'भंगार' म्हणणारी! तिने भाऊजींना फोन केला. "माझ्या कपाटात, स्वेटरांच्या खाली. गुंजा मोज. चुकू नकोस."

मी पातेल्यातल्या मोजल्या. एकसष्ट. परत मोजल्या, तरी एकसष्टच. मग भाऊजींचा आवाज आला, "बासष्ट."

डॉक्टर घाईने नर्सला हाका मारू लागल्या. मी भिंतीला टेकले. आपल्या हाताने पोरीच्या गळ्यात विष घातलं, एवढंच डोक्यात घणघणत होतं. ताई ठकीला छातीशी धरून उभी होती, पांढरीफटक. एकाएकी ती ओरडली, "थांबा! माझ्या माळेत एक जास्त आहे!"

"म्हणजे?"

"वाटताना एक उरली होती. भांडणं नकोत म्हणून आईने ती खिडकीबाहेर फेकली. दुसऱ्या दिवशी मी शोधून आणली." ती माझ्याकडे बघत होती. "तुझ्यापेक्षा माझी माळ मोठी हवी होती मला."

"नक्की?" डॉक्टरांनी विचारलं.

"देवाशप्पथ," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

डॉक्टरांनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. हिशोब जुळत असला तरी लहानपणच्या आठवणीवर विसंबणार नाही, ठकीला उद्यापर्यंत इथेच ठेवू, म्हणाल्या. ते मलाही पटलं. ठकीला पलंगावर निजवलं आणि दोघी दोन बाजूंना बसलो.

"तेव्हा सांगितलं असतंस तर झिंज्या उपटल्या असत्या तुझ्या," मी म्हणाले.

ताई रडत रडतच हसली. मग आम्ही दोघीही ठकीचं पोट वरखाली होतंय ना, ते बघत राहिलो.