कोरी डिस्क

प्रेरणाने कॉम्प्युटरचं झाकण काढून भिंतीला टेकवलं आणि आतली धूळ फुंकर मारून उडवली.

"डॉक्टर, पेशंटची माहिती एवढ्यातच आहे ना? का आणखी कुठं कॉपी आहे?"

डॉ. कालिंदी धारूरकरांनी कपाट उघडलं आणि हातात मावेल एवढी एक डिस्क टेबलावर ठेवली.

"ही एक. सगळं यातही उतरवून ठेवायचे."

औरंगपुऱ्यात, शाळेच्या पुस्तकांच्या दुकानावरचा त्यांचा हा मानसोपचाराचा दवाखाना आता बंद होत होता. गुडघे जिना चढू देत नव्हते. चालू पेशंटांचे कागद ज्याचे त्याला देऊन झाले होते. जुन्या नोंदी ठेवण्याची मुदत केव्हाच संपली होती. घरच्यांनाही न सांगितलेलं माणसं त्यांच्याजवळ बोलून गेली होती, ते सगळं या कॉम्प्युटरमध्ये होतं. तो भंगारात जाण्याआधी हे नाहीसं व्हायला हवं, म्हणून त्यांनी असलं काम करणाऱ्या एका कंपनीला फोन केला होता. कंपनीने प्रेरणा मनगटेला पाठवलं होतं.

"मीच डिलीट करणार होते," डॉक्टर म्हणाल्या.

"त्यानं नुसतं फाइलचं नाव जातं. मजकूर तिथंच पडून राहतो, कुणीही परत काढू शकतं. त्याच्यावर दुसरं काहीबाही लिहून सगळी डिस्क भरून काढायची, मग जुनं हाती लागत नाही. दुपार होईल बघा."

तिने एकही फाइल उघडली नाही. काम सुरू केलं तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला.

"हां आई... कामावरच आहे. औरंगपुऱ्यात. डॉक्टर धारूरकरांचा दवाखाना, तिथला कॉम्प्युटर पुसायचाय... हॅलो? आई?"

फोन कट झाला होता. प्रेरणाने तो क्षणभर हातात धरला, मग बॅगेत टाकला.

दुपारी ती खाली जेवायला गेली आणि थोड्याच वेळात दारात एक बाई येऊन उभी राहिली. पन्नाशीकडे झुकलेली, डोक्यावर पदर, जिना चढून दम लागलेला.

"डॉक्टरबाई, वळखलं का? मी साळूबाई. कन्नडची."

डॉक्टरांनी चष्मा सारखा केला. चेहरा ओळखू येईना, पण आवाज ओळखीचा वाटला.

"माझ्या सासूनं आनलं व्हतं मला. तान्ही पोर घिऊन."

मग आठवलं. रात्ररात्र न झोपलेली, दात घट्ट आवळून बसलेली एक बाळंतीण. बाळ सासूच्या मांडीवर. आईने त्याच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. दार लावून घेतल्यावर ती म्हणाली होती, पोरीला पाण्याच्या हौदात टाकावंसं वाटतं, हात आपोआप उठतात, मला कुठं तरी बांधून ठेवा.

"बसा आधी," डॉक्टर म्हणाल्या. पाण्याचा ग्लास त्यांनी स्वतः आणून दिला.

साळूबाईने पाणी तसंच धरून ठेवलं. "मी तव्हा जे बोलले, ते ह्याच्यात हाय?"

"होतं."

"आन् माझीच पोरगी ते पुसायला आलीय. तीच तान्ही पोर व्हती ती, बाई. प्रेरणा. फोनवर तुमचं नाव आयकलं आन् तशीच यष्टीत बसले." तिने दाराकडे पाहिलं. "तिनं वाचलं आसंल का?"

डॉक्टरांनी स्क्रीनकडे बोट केलं. एक हिरवी पट्टी हळूहळू पुढे सरकत होती.

"सकाळपासून मी तिच्यासमोर बसलेय. तिनं काही उघडलं नाही. आता ते कुणालाच उघडता येणार नाही, मलासुद्धा."

साळूबाईने डोळे मिटून श्वास सोडला. पाणी प्यायली.

"तो आजार होता, साळूबाई. तुमचा दोष नव्हता."

"ठावं हाय. तुमीच सांगितलं व्हतं. सासूला बी आत बोलावून सांगितलं, हिला बोल लावू नका, हिच्यापाशी ऱ्हावा. ती माउली वर्सभर माझ्या उशाशी झोपली. पन पोरीला कसं सांगू? तिनं मला आईच म्हनून बघितलंय."

जिन्यावर पावलं वाजली. साळूबाईने घाईने पदराने तोंड पुसलं.

"आई! तू इथं कशी?"

"बाजाराला आले व्हते. म्हनलं तुझं काम तरी बघावं."

"बरं केलंस," प्रेरणा म्हणाली. तिने आईला पंख्याखालच्या खुर्चीवर बसवलं आणि पुन्हा काही विचारलं नाही.

दोन्ही डिस्क पुसून झाल्या. पुसलेलं शोधून काढणारा एक प्रोग्राम प्रेरणाने लावला. तो बराच वेळ शोधत राहिला. शेवटी रिकामा चौकोन दिसला.

"परत न्हाई ना निघायचं?" साळूबाईने विचारलं.

"नाही निघायचं, आई."

साळूबाई उठली. डॉक्टरांचे दोन्ही हात तिने आपल्या हातात घेतले, कपाळाला लावले आणि जिना उतरू लागली.

प्रेरणा पेचकस बॅगेत ठेवत होती. आईची पावलं खाली पोचेपर्यंत ती थांबली.

"डॉक्टर, मला ठाऊक आहे."

कालिंदीबाई तिच्याकडे वळल्या.

"आजी जायच्या आधी बोलली. म्हणाली, तुझ्या आईनं तुला वाचवायला स्वतःला बांधून घ्यायची तयारी केली होती, तिला कधी उलटून बोलू नको. तुमचं नावही तिनंच सांगितलं." तिने बॅगेची चेन लावली. "कंपनीत तुमचं काम आल्याचं कळलं तेव्हा मीच मागून घेतलं. दुसऱ्या कुणाच्या हातात जायला नको वाटलं."

"आईला सांगणार?"

"नाही. तिला सांगावंसं वाटलं तर ऐकेन." ती वाकून डॉक्टरांच्या पाया पडली. "तुम्ही तेव्हा तिचं नीट ऐकून घेतलंत."

बरे झालेले पेशंट सहसा परत येत नाहीत, रस्त्यात दिसले तरी नजर चुकवतात. कालिंदीबाईंना त्याची सवय होती. तरी त्या दिवशीचं ते बाळ पुढे कसं वाढलं असेल, हा विचार त्यांच्या मनात कितीदा तरी येऊन गेला होता. त्यांनी प्रेरणाच्या डोक्यावर हात ठेवला. तो उचलायला त्यांना जरा वेळच लागला.

"प्रेरणे, चल की गं!" खालून हाक आली.

त्या गॅलरीत आल्या. प्रेरणा आईला स्कूटीवर मागे बसवत होती, पदर चाकात जाऊ नये म्हणून नीट खोचून देत होती. स्कूटी सुरू झाली तशी साळूबाईने वर बघून हात जोडले. प्रेरणानेही आरशात बघत मान लववली.

कालिंदीबाईंनी हात जोडले. तो नमस्कार आपल्यालाच आहे, असं खाली दोघींनाही आपापल्या जागी वाटलं.