लग्नाआधीचं नाव

शौकतभाईंनी केबिनचं दार लावून घेतलं, तेव्हाच मला काय ते समजलं. अबू धाबीतल्या रुवैसच्या आमच्या कारखान्यात ते एचआर बघतात आणि एरवी त्यांचं दार उघडंच असतं.

"मॅडम, लॅब का काम बाहर की कंपनी को जा रहा है. इस महीने के आख़िर में खलास," ते म्हणाले. "आप गोल्डन व्हिसा डाल दो. लेकिन नौकरी रहते हुए. बाद में कुछ नहीं होगा."

आमचं तिघांचं इथं राहणं माझ्या नोकरीला बांधलेलं आहे. ती गेली की माझा व्हिसा जातो, आणि माझ्यामागून नवरा धनंजय आणि मुलगी उर्वीचा. सवलतीची मुदत मिळते, ती संपली की निघायचं. पण धनंजयना विमानात बसवता येत नाही. पक्षाघातानंतर मेंदूची सूज वाढली, म्हणून त्यांच्या कवटीचा एक तुकडा काढून ठेवला आहे. तो परत बसवेपर्यंत प्रवास नको, असं शारजातल्या सर्जननी बजावलं होतं. ती शस्त्रक्रिया विम्यावर होणार होती आणि विमा व्हिसावर. गोल्डन व्हिसा मिळाला असता, तर दहा वर्षं कुणा मालकाची गरज उरली नसती.

पगार नियमात बसत होता, हुद्दाही बसत होता. अडलं पदवीपाशी. एम.एस्सी.च्या प्रमाणपत्रावर सत्यभामा आहे, पासपोर्टवर विनिता.

माझ्या सासूबाईंचं नावही सत्यभामा. एका घरात दोन सत्यभामा चालणार नव्हत्या. मुलगा बायकोला हाक मारणार म्हणजे आईचंच नाव घेणार. म्हणून लग्नात ताटातल्या तांदळांवर धनंजयनी अंगठीने 'विनिता' लिहिलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. विवाहनोंदणीच्या वेळी सासऱ्यांनी लग्नाआधीच्या नावाच्या रकान्यातही विनिताच घातलं. मी शेजारी उभी होते. मलाही त्यात काही चुकीचं वाटलं नाही. आता दोन्ही नावं माझीच, हे सांगणारा एकही कागद नव्हता.

राजपत्रात नाव छापून आणायला माझा भाऊ पुण्यात खेटे घालत होता, पण महिनाअखेरच्या आत ते होणार नव्हतं. दुबईच्या भारतीय वकिलातीत एक मार्ग निघाला: नवरा-बायकोचं संयुक्त प्रतिज्ञापत्र. फक्त, आपण कशावर सही करतो आहोत हे नवऱ्याला कळतं आहे, याची अधिकाऱ्यांना खात्री पटायला हवी. ते लग्नाआधीचं नाव नवऱ्याच्या तोंडून ऐकणार होते.

धनंजयना सगळं कळतं. शब्द तेवढे येत नाहीत. 'हो', 'बघ', 'नको' येतात. आकडे ओळीने म्हणता येतात, मधलाच एखादा विचारला तर येत नाही.

मी रजा घेऊन शारजात, अल मजाजच्या घरी आले आणि त्यांची तयारी करून घ्यायला लागले. नोकरीचं त्यांना सांगितलं नाही. रक्तदाब वाढेल, या भीतीने.

"अहो, लग्नाआधी माझं नाव काय होतं?"

त्यांनी बराच विचार केला. "आई."

"आईंचं नाव काय होतं?"

ते खाली बघायला लागले.

"बाबा, इट्स जस्ट अ वर्ड," उर्वी म्हणाली. ती बारावीत आहे. "मम्मा, व्हाय इज धिस सो हार्ड? ओके, मी तुला विनिता म्हणू?"

"थोबाड फोडीन."

"सी? सेम प्रॉब्लेम."

धनंजय हसले. अर्धंच तोंड हसलं, पण आजारपणात ते पहिल्यांदाच हसले होते. मला हसू आलं नाही.

माझ्या बरोबरीने म्हटलं की 'सत्यभामा' पूर्ण येई. मी थांबले की तेही थांबत. दात 'स'साठी जुळत, हवा निघे, आणि शेवटी पुन्हा 'आई'. उत्तर त्यांना ठाऊक होतं. ज्या नावाचा त्यांनी जन्मात उच्चार केला नव्हता, ते नाव मी मागत होते.

आदल्या संध्याकाळी मी त्यांच्या समोरचा चहा उचलला. "आधी नाव. मग चहा."

"आई."

"नाही."

"आई. आई!" त्यांचा डावा हात कपाकडे आला. मी कप आणखी लांब धरला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी मी कप खाली ठेवला नाही. उर्वीने तो माझ्या हातातून घेतला आणि त्यांच्या ओठांना लावला.

"यू आर बीइंग क्रुएल," ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

शुक्रवार माझा नोकरीचा शेवटचा दिवस होता. वकिलातीत त्याच सकाळची वेळ मिळाली होती.

अधिकारी तरुण होते. खुर्चीवरून उठून ते व्हीलचेअरपाशी आले आणि वाकून म्हणाले, "अंकल, आराम से. शादी से पहले मॅडम का नाम क्या था?"

धनंजयनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर वळवली; खूण केली असा संशय नको होता.

"आई," ते म्हणाले.

"आई? मतलब माँ?"

"हो." त्यांनी जोरात मान हलवली. "आई. बघ. आई."

"सर, बरोबर आहे ते," मी म्हणाले, मराठीतच. मग सावरून हिंदीत सांगायला लागले: सासूबाईंचं नाव, माझं नाव, तांदूळ. ते मध्येच न तोडता ऐकत होते.

"मॅडम, मैं समझ रहा हूँ. लेकिन नाम इन्होंने नहीं बताया, आपने बताया. सोमवार को फिर ले आइए."

"सोमवार को मेरी नौकरी नहीं रहेगी. आज आखरी दिन है. सोमवारी अर्जच करता येणार नाही."

माझा आवाज चढला होता. आजूबाजूच्या खुर्च्यांवरची माणसं बघायला लागली. अधिकाऱ्यांनी प्रतिज्ञापत्र माझ्या हातात परत दिलं. "सॉरी, मॅडम," ते खरोखरीच वाईट वाटून म्हणाले.

मी व्हीलचेअर वळवली, तेव्हा धनंजय माझ्याकडे बघत होते. नोकरीचं त्यांना असं कळलं.

परतीच्या वाटेवर शारजाच्या अलीकडेच गाड्यांची रांग लागली. धनंजय शेजारच्या सीटवर होते. डोकं खोलगट बाजूवर टेकू नये म्हणून मी मध्ये उशी दिली होती. त्यांनी दात जुळवले.

"स," ते म्हणाले. "स. स."

"राहू दे आता," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. नको. कपाळाची शीर फुगली होती, डावी मूठ मांडीवर आपटत होती. "स. स. सत्..."

पुढची गाडी हलली. मीही गाडी पुढे घेतली, एवढीशीच, आणि पुन्हा ब्रेक लावला. त्यांना थांबवायला हवं होतं. मी थांबवलं नाही.