बबल्सचं कार्ड

केया का बोलत नाही, असं विचारणारे लोक दोन प्रकारचे होते, म्हणून निमिष आणि आश्लेषानं उत्तरंही दोन ठेवली होती. मराठी माणसांना सांगायचं, तिला मराठी नाही येत हो, इंग्लिशच बोलते. अमेरिकन माणसांना सांगायचं, घरी आम्ही मराठीच बोलतो, इंग्लिश यायचंय अजून. मराठी माणसं जरा हळहळायची, अमेरिकन माणसं कौतुक करायची, आणि केया दोघांसमोरही गप्प राहायची. फ्रिस्कोसारख्या अमेरिकन गावात हे सहज खपून जातं. मराठी खरोखरच विसरलेल्या पोरांची चार घरं त्याच गल्लीत होती. त्यांत आणखी एक, कोण मोजतो?

तोटा एकच झाला. केया साडेतीन वर्षांची असताना शाळेनं घेतलेल्या तिच्या बोलण्याच्या तपासणीत निमिषनं दुसरं उत्तर इतक्या सफाईनं दिलं, की तपासणाऱ्या बाईंनी ते तसंच उतरवून घेतलं. घरची भाषा वेगळी आहे, वर्षभरानं पुन्हा पाहू. परत येताना निमिष इंटरव्ह्यू पास झाल्यासारखा खुशीत ड्राइव्ह करत होता. वर्ष गेलं. केयाचे शब्द होते तेवढेच राहिले, म्हणजे एकही नाही.

आश्लेषा त्या वर्षाबद्दल नवऱ्याला कधी बोलली नाही. बोलणार काय? तपासणीच्या वेळी शेजारच्या खुर्चीत तीच बसली होती, आणि तिनंही मान डोलावली होती.

मग त्यांनी टेरीला बोलावलं. टेरी स्पीच थेरपिस्ट. आठवड्यातून दोनदा यायची आणि पिशवीतून साबणाच्या पाण्याची बाटली काढायची. एवढं शिकून ही बाई बबल्स उडवते, असं पहिल्या दिवशी आश्लेषाला वाटलंच. टेरी दोनदा फुंकर मारायची, केया हात वर करून बबल्समागे धावायची, की टेरी झाकण लावून बसायची. गप्प. केया मागेपर्यंत. तोंडानं नाही, तर कार्डानं. तळहाताएवढं प्लास्टिकचं कार्ड, पुढे बबल्सचं चित्र, मागे वेलक्रो. कार्ड हातात दिलं की त्या क्षणी बबल्स. टेरीचा नियम एवढाच होता, की कार्ड केयाच्या हाताला येईल तिथेच असलं पाहिजे, आणि ते दिल्यावर एकदाही रिकामं जाता कामा नये.

"मागितलं की मिळतं, हे शिकायला तिला महिने लागतील," टेरी म्हणाली होती. "मागून काही होत नाही, हे ती एका दुपारीत शिकेल."

सातव्या आठवड्यात केयानं फ्रिजवरून कार्ड स्वतः काढलं, स्वयंपाकघर ओलांडून आली आणि आश्लेषाच्या हातात ठेवलं. गॅसवर फोडणी होती. आश्लेषा तशीच मागच्या अंगणात गेली आणि दम लागेपर्यंत फुंकत राहिली. मोहरी जळून घरभर धूर झाला, स्मोक अलार्म वाजला, निमिष मीटिंग सोडून धावत आला. तिनं त्याला नुसतं कार्ड दाखवलं. दोघं धुरातच उभे राहिले. त्यानंतर केया दिवसाला वीस-वीस वेळा मागू लागली. पुढे तिची आणखी कार्डं होणार होती, पाणी, भूक, बाहेर. पण सुरुवात याच एकावर उभी होती.

मे महिन्यात केयाचा पाचवा वाढदिवस आला. बबल शो करणारा माणूस बोलवायचा, ही निमिषची आयडिया. ती वाईट नव्हती. केया खूश होईल, आणि सगळी पोरं एकदम ओरडत असली की त्यात कोण ओरडत नाही, हे कुणाच्या लक्षात येत नाही. मित्रांची सात कुटुंबं येणार होती. केयाच्या प्रीस्कूलच्या मिस ब्रुकना रीत म्हणून कळवलं होतं, तर त्याही येते म्हणाल्या.

सकाळी फुगे लावताना निमिषची नजर फ्रिजकडे गेली.

"हे आजच्या दिवस काढूया का?" तो म्हणाला. "दोन तासांचा तर प्रश्न आहे."

आश्लेषानं कार्ड काढलं आणि डब्यांच्या झाकणांच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं. टेरीचं वाक्य तिला आठवलं नाही असं नाही. पण मिसळीचा रस्सा व्हायचा होता, आणि दोन तास म्हणजे दोन तास.

बबलवाला उंच हॅट घालून आला. दोन काठ्यांना दोरी, शेजारी बादली. पहिलाच बबल वासराएवढा निघाला आणि हेलकावे खात कुंपणापलीकडे गेला. केया टाचा उंचावून हसत होती, आणि ते पाहून आश्लेषाला वाटलं, झालं, निभावलं. दोन बबल्स झाले. मग त्यानं काठ्या खाली केल्या आणि ऐकू येत नसल्यासारखा कानामागे हात धरला. आणखी कुणाला हवेत? सगळी पोरं "वुई वाँट मोर" म्हणून किंचाळली. केया वळली आणि पळत आत आली.

फ्रिजवर कार्डाच्या जागी वेलक्रोची पट्टी तेवढी होती. केयानं ती बोटानं घासली. खाली पाहिलं. फ्रिजच्या बाजूला पाहिलं. पुन्हा घासली. आश्लेषा चार पावलांवर कांदा कापत होती. ड्रॉवर तिच्या कंबरेशी होता.

"अगं, रश्श्यावर झाकण ठेव, थंड होईल," असं म्हणत दीपानं ड्रॉवरला हात घातला. दीपा म्हणजे कुणाकडे काय शिजलं आणि कुणाचं काय बिनसलं, हे सगळ्यांच्या आधी कळणारी मैत्रीण. आश्लेषानं कंबरेनं ड्रॉवर लोटून बंद केला. राहू दे गं, उघडंच बरं, म्हणाली. केया तिच्याकडे पाहत उभी होती. मग ती बाहेर गेली.

बाहेर भेटवस्तूंचं टेबल होतं. केयानं एका गिफ्टवरचं ग्रीटिंग कार्ड ओढून काढलं, बबलवाल्यापाशी गेली आणि त्याच्या हातात ठेवलं. त्यानं हॅट काढून मुजरा केला, कार्ड उघडून नाटकी आवाजात वाचलं, आणि परत दिलं. मंडळी हसली. केया दुसरं कार्ड घेऊन आली. ते त्यानं हॅटमध्ये खोचलं. आणखी हशा. तिसरं आणलं.

"अरे, थांबवा तिला," दीपा दारातून म्हणाली. "कुणी काय दिलंय, कळणार कसं मग?"

चौथं कार्ड केयानं त्याच्या हातात दोन्ही हातांनी दाबून धरलं. तो पोरांना पुढचा विनोद सांगत होता. तेव्हा ती बादलीशेजारी बसली आणि गवतावर कपाळ आपटू लागली. आवाज न करता.

मिस ब्रुक सगळ्यांत आधी पोचल्या. केयाच्या कपाळाखाली त्यांनी आपला तळहात सरकवला आणि दीपाकडे वळल्या.

"तुम्हाला तिची भाषा येते ना? विचारा ना तिला, काय हवंय."

दीपाला प्रश्न कळेना. "मराठी? तिला कुठे येतं मराठी? ती तर इंग्लिशच बोलते."

"वर्गात ती एक शब्दही बोलत नाही," मिस ब्रुक म्हणाल्या. "घरी मराठीच बोलते म्हणून, असं आम्हाला सांगितलंय."

दोघींनी एकदमच निमिषकडे पाहिलं. दोन वर्षं वेगवेगळ्या वह्यांत लिहिलेलं त्या अंगणात एका पानावर आलं. निमिष हसला. "टायर्ड आहे ती," तो मिस ब्रुकना इंग्रजीत म्हणाला, आणि दीपाला मराठीत, "थकलीय."

मग सगळे फार चांगले वागले. मिसळ छान झाल्याचं प्रत्येकानं दोनदा सांगितलं. पोरांना रिटर्न गिफ्ट म्हणून बबल्सची एकेक बाटली मिळाली. साडेपाचपर्यंत अंगण रिकामं झालं. निमिष टेबलावरची कार्डं गोळा करत राहिला, कुठलं कशावरचं ते जुळवत.

आश्लेषानं ड्रॉवर उघडून कार्ड काढलं. केया बाहेर भेटवस्तूंच्या टेबलाखाली बसून उघड्या दारातून पाहत होती. कार्ड फ्रिजवर लावून आश्लेषानं बाटली घेतली, मागच्या पायरीवर बसली, दोनदा फुंकर मारली आणि झाकण लावलं. बबल्स केयाच्या केसांवर येऊन फुटले. तिनं वर पाहिलं नाही. आश्लेषा वाट पाहत राहिली. दहा मिनिटांनी उठली, कार्ड स्वतःच काढून आणलं आणि केयापुढे धरलं.

"घे," ती म्हणाली. "दे मला."

केयानं कार्ड घेतलं. त्यावरच्या चित्राकडे पाहिलं. मग ती स्वयंपाकघरात गेली, झाकणांचा ड्रॉवर उघडला, कार्ड आत ठेवलं आणि दोन्ही हातांनी तो लोटून बंद केला.