शेजारच्या नळीतला उजेड

मी माणसाच्या पेशीचं केंद्रक बोलतोय. सध्या काचपट्टीवर चिकटलोय. माझ्या एवढ्याशा पोटात तुमच्या उंचीला पुरेल इतका डीएनएचा धागा आहे. पण त्याचा तोरा मिरवायला सवडच मिळाली नाही, कारण आधी शेजारी उजळला.

आमच्या प्रयोगशाळेतल्या संशोधक बाईंना सगळे चिवट म्हणतात. त्यांनी औषध घालून आमच्या पेशी अगदी धाग्याची नक्कल सुरू होण्याच्या तोंडावर थांबवल्या, फोडल्या आणि हलक्या हाताने आम्हा केंद्रकांना वेगळं काढून एका नळीत ठेवलं. शेजारच्या नळीतली केंद्रकं मात्र नक्कल चालू असलेल्या पेशींतून आली होती.

ज्याला त्याला घरचंच मानवतं, असा चिवटबाईंचा हिशेब. म्हणून आमच्याच थांबलेल्या पेशींचा रस त्यांनी आमच्या नळीत घातला, तुलनेसाठी शेजारच्याही, आणि वर ज्यांचा धागा बनतो ते चमकणारे मणी. नवा धागा विणला गेला की तिथे उजेड दिसणार होता.

शेजारी लखलखले. आमच्यातले काही भाऊ तपासायला नेले, ते काळे ठिक्कर. उरलेल्यांसोबत बर्फात बसूनही माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारे मेले, आणि कौतुक त्यांचं!

"तुझी केंद्रकं मेलीत," प्रयोगशाळेचे प्रमुख सर बाईंना म्हणाले. "फेकून दे, विषय बदल."

"सर, ती पलीकडची आधीच सुरू होती, नुसती पुढे गेली. यांना सुरुवात करून द्यायला कुणी नव्हतं. नक्कल चालू असलेल्या पेशींचा रस घालून बघते."

"बघ. पण हे शेवटचं."

तो रस आत आला आणि माझी वीण ठिकठिकाणी सुटू लागली. उघड्या पडलेल्या प्रत्येक मण्यासमोर त्याचा ठरलेला जोडीदार येऊन बसला. एका धाग्याचे दोन होऊ लागले. मी हरखून गेलो, तेवढ्यात फॉर्मॅलिन पडलं आणि होतो तसा थिजलो.

सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर माझे उजळलेले ठिपके दिसले तशी चिवटबाईंनी सरांना हाक मारली. सर पडद्याजवळ वाकले. "केली की गं याने सुरुवात," म्हणाले. विषय वाचला. माझा फोटो भिंतीवर लागला.

बाई, पुढच्या खेपेला आमच्यातल्या एखाद्याला थोडा जास्त वेळ द्या, एवढंच मागणं आहे. आणि खरं सांगू? भिंतीवर मी असलो तरी हेवा मला अजून त्या शेजाऱ्याचाच वाटतो. त्याची सुरुवात त्याच्या घरी, त्याच्या स्वतःच्या पेशीत झाली होती.