भुंग्याच्या कपाळावरचा त्रिशूळ

रविवारी सकाळी अनंताच्या तबेल्यापर्यंत रिक्षा पोचेना. हेंद्रेपाडा मागे टाकून नदीकडे उतरणारा रस्ता चपलांनी, बाइकांनी आणि नारळवाल्यांनी भरून गेला होता. अंबरनाथहून लोक बस करून आले होते, उल्हासनगरहून मोठमोठ्या गाड्या आल्या होत्या. फुलांची परडी सांभाळत एक म्हातारी मला विचारत होती, "देव उभा हाय ना गो अजून? का जेवायला गेला?"

देव हरभरा खात होता.

देव म्हणजे भुंगा. पाच वर्षांचा घोडा, विहिरीच्या तळासारखा काळा, ऊन पडलं की निळसर चमकणारा. आणि त्या काळ्या कपाळाच्या मधोमध बोटाएवढा पांढराशुभ्र त्रिशूळ. रंगवलेला नव्हता. लोकांनी थुंकी लावून घासून पाहिला होता, एकाने तर थिनरची बाटली आणली होती. केसच पांढरे, अगदी मुळापासून.

"भक्तहो!" लाउडस्पीकरवर अवधूतबाबा गरजत होते. "हे सायन्सला जमलं का? नासावाल्यांना विचारा, जमलं का? जन्मला तेव्हा काळा ठिक्कर! आम्ही फक्त कपाळावर हात ठेवला. म्हटलं, महादेवा, सही कर. आणि महादेवाने सही केली! अरे, जो हात काळ्यावर पांढरं उमटवतो, तो पांढऱ्याचं काळं करणार नाही? कोड असो, डाग असो, डॉक्टरला टाटा, बाबाला भेटा!"

टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या माझ्या भावानेही टाळी वाजवली. राजेंद्रदादाने. आणि दुसऱ्या हाताने त्याने आपल्या मुलीचं, भावनाचं, मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

मी कात्रपच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या घरात दारावर पंचशील आहे, भिंतीवर बावीस प्रतिज्ञा आहेत. आमच्या आजोबांनी छप्पन साली देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधले आणि ह्याच उल्हास नदीत सोडून दिले. त्याच नदीच्या काठावर त्यांचा नातू एका घोड्यासमोर रांगेत उभा होता.

भावना कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. वर्षभरापूर्वी तिच्या मनगटावर एक पांढरा ठिपका उठला, मग ओठाच्या कोपऱ्यात एक. डॉक्टरांनी समजावलं होतं, हे कोड आहे, कुणाला लागत नाही, कुणाच्या पापाने येत नाही. मलम लावा, मशीनचा प्रकाश घ्या, धीर धरा. धीर तेवढा दादाकडे उरला नव्हता.

"कॉलेजात पोरं तिला काय म्हणतात माहितीये तुला, अस्मिता?" तो मला म्हणाला होता. "अबलख म्हणतात. अबलख!"

अबलख म्हणजे काळा-पांढरा घोडा. आमच्या बाजूला हा शब्द सगळ्यांना माहीत, कारण अनंताचा तबेला. भावना लहानपणापासून तिथल्या घोड्यांना गाजर खाऊ घालायला जायची. त्याच्या घरात तीन पिढ्या घोड्या वितात, शिंगरं वाढतात. ताशाच्या ठेक्यावर पाय उचलायला शिकवायचं, मागच्या पायांवर उभं राहायला शिकवायचं, आणि वरातीवाल्यांना, घोड्यांचे खेळ दाखवणाऱ्या शोवाल्यांना विकायचं. सगळ्यात आधी जातो तो अबलख. मग चारही पाय आणि कपाळ पांढरं असलेला पंचकल्याणी. घोड्यावर पांढरं आलं की लोक दुप्पट देतात, पोरीवर आलं की तोंड फिरवतात. कातडीच्या ह्या बाजारात माझी भाची आणि भुंगा एकाच दाव्याला बांधले गेले.

कारण भुंग्याच्या अंगावर जन्मतः एकही पांढरा केस नव्हता. नाचायचा असा, की ताशेवाला आपला ठेका विसरून त्याच्या पायांकडे बघत राही. पण गिऱ्हाईक यायचं, बघायचं आणि म्हणायचं, "काळा घोडा वरातीत कोण नेतो, शेठ? शनीसाठी एखादी नाल असेल तर द्या." दोन वर्षं अनंताने त्याच्या पायातल्या जुन्या नाला तेवढ्या विकल्या. त्याची आई सगुणाबाई मात्र भुंगा जन्मला त्या सकाळपासून त्याच्यासाठी गायची:

काळं माझं शिंगरू, नको लावू त्याला टिळा,
काळ्या मातीतून येतो पांढरा तांदूळ सगळा.

टिळा लागलाच. अवधूतबाबा कुठूनसे आले, महिनाभर राहिले, भुंग्याच्या कपाळाला घुंगरांचं लाल कापड बांधलं गेलं. "आत देव लिहितोय, कुणी उघडायचं नाही." दोनेक महिन्यांनी कापड सुटलं आणि त्रिशूळ निघाला. वरातीला नको असलेला घोडा देव झाला. उल्हासनगरचा एक शोवाला गाडीतून उतरला, गॉगल काढला आणि म्हणाला, "साईं, क्या चीज है! हा मलाच पाहिजे." अनंता मान खाली घालून हसला. ते हसणं मला तेव्हाच आवडलं नव्हतं.

भावनाला दादाने गेल्या पावसाळ्यानंतर इथे आणलं, मला न सांगता. बाबांनी कलशातून पितळी त्रिशूळ काढला आणि तिच्या मनगटावर टेकवला. फोड आला, मग खपली धरली. खपली पडली, तर खाली ठिपका होताच, आणि त्याला लागून नवा पांढरा त्रिशूळ.

"आधी सगळं पांढरं वर येतं बेटा, मग जातं," बाबा म्हणाले. "पाप आहे, पायऱ्यांनी उतरणार." मलम बंद झालं. मशीन बंद झालं. आणि आज ओठाची पाळी होती.

मी म्हणूनच आले होते. रात्रभर भांडून झालं होतं, दादाने ऐकलं नव्हतं. वहिनी दाराआड रडत होत्या. आता माझ्यापाशी फक्त डोळे होते.

स्टेजवर बाबांनी तांब्याच्या कलशावरचं कापड उचललं. पांढरा धूर निघाला. गर्दीतून "हर हर महादेव" उठलं. पुढच्या रांगेतल्या बायका पदर पसरून धूर ओंजळीत धरू लागल्या. स्टेजच्या एका टोकाला अनंताने दोरीला धरलेला भुंगा हरभऱ्यातून तोंड काढून मागे सरला. त्याचे कान मानेला चिकटले.

"आत्या, तो भितोय," भावना पुटपुटली.

"गर्दीला भीत असेल गं."

"गर्दीला? त्याच्या शेजारी फटाक्यांच्या माळा फोडून शिकवलंय अनंतामामाने. कान हलवत नाही तो. आणि मी आले की कपाळ पुढे करायचा, खाजवून घ्यायला. आता हातच लावू देत नाही." ती थोडं थांबली. "आणि तो धूर बघ ना. वर का नाही जात?"

मी पाहिलं. उदबत्तीचा धूर वर चालला होता, मांडवाच्या कापडाकडे. कलशातला मात्र काठावरून उतू जाऊन, स्टेजच्या फळीवरून, सांडलेल्या दुधासारखा खाली ओघळत होता. आणि त्याच्यासोबत वास येत होता तो धुपाचा नव्हे, इंजेक्शनआधी दंडाला लावतात त्या स्पिरिटचा.

"दादा," मी म्हटलं, "कंपनीत औषधांच्या खोक्यांत तुम्ही काय भरता?"

"आता मध्येच काय?"

"सांग ना."

"ड्राय आइस. का?"

दादा आनंदनगरच्या एका औषध कंपनीत सुपरवायझर आहे. त्याच्या देखरेखीखाली रोज गार ठेवायच्या औषधांची खोकी ह्या गोठवलेल्या वायूच्या, धूर सोडणाऱ्या बर्फाने भरतात.

"आणि पोरांना हातमोजे का घालायला लावतोस?"

"हात भाजतो म्हणून. एकदा एका पोराचं बोट..." तो थांबला. त्याची नजर फळीवरून ओघळणाऱ्या धुराकडे गेली, क्षणभर तिथेच अडकली, आणि त्याने ती उचलून बाजूला ठेवली. "नाही. ते कंपनीत. इथे वेगळं असतं."

इथे वेगळं असतं! मला वाटतं, आपल्याकडचा प्रत्येक बाबा ह्या तीन शब्दांवर जेवतो. दिवसभर जे हाताने हाताळलं, ते आपण कंपनीच्या गेटवर आयकार्डासारखं काढून ठेवतो आणि रिकाम्या डोक्याने रांगेत उभे राहतो.

"भावना राजेंद्र!" नाव पुकारलं गेलं. दादाने तिला पुढे ढकललं. मीही मागोमाग स्टेजवर चढले. छातीवर भगवे पट्टे लावलेले दोन भक्त आडवे आले, "लेडीज एकच, ताई, एकच!"

बाबांनी दांड्याभोवती भगवी लोकर गुंडाळून त्रिशूळ बाहेर काढला. "देवाचं तेज आहे, उघड्या हाताला सोसत नाही," ते म्हणाले आणि तिच्या ओठाकडे झुकले.

"बाबा, थांबा," भावना म्हणाली. माइक जवळ होता, तिचा आवाज साऱ्या मांडवाने ऐकला. "आधी भुंग्याला लावा."

"त्याला महादेवाने स्वतः लावलाय, बेटा."

"मग परत लावला तर काय होतंय? देवाचाच हात आहे ना? माझ्याकडून गाजर खातो तो, तुमच्याकडूनही आशीर्वाद घेईल."

लोक हसले. "लावा बाबा, लावा!" कुणीतरी ओरडलं. तमाशा सगळ्यांनाच हवा असतो. बाबांना मागे हटता येईना. त्यांनी त्रिशूळ भुंग्याच्या तोंडाकडे नेला.

भुंगा किंचाळला. घोडा किंचाळतो तेव्हा माणसासारखाच किंचाळतो. मागच्या पायांवर उभा राहिला, तो नाचायला नव्हे. अनंताच्या हातातून दोरी सुटली, हरभऱ्याची पाटी उडाली, पट्टेवाले भक्त स्टेजखाली. आणि बाबा, ज्यांच्यासाठी महादेव सही करत होता, ते कलशामागे चौरंगाआड बसले.

भावना तेवढी हलली नाही. "भुंग्या, ए भुंग्या. गाजर खातोस? मी आहे रे." ती बोलत राहिली. थरथरत, घामाने ओला होत तो खाली आला आणि त्याने आपलं डोकं तिच्या खांद्यावर टाकलं. तिने बाही वर केली. आपलं मनगट त्याच्या कपाळाशेजारी धरलं.

दोन त्रिशूळ. दोन्हींचा डावा दात आखूड आणि बाहेर वाकलेला. फळीवर पडलेल्या पितळी त्रिशुळाचाही डावा दात आखूड आणि बाहेर वाकलेला.

"पप्पा," ती म्हणाली, "देवाची सही एवढी सारखी येते का हो?"

दादा वर आला. कसा आला मला कळलं नाही. त्याने अभिषेकाची घागर उचलली आणि पाणी कलशात ओतलं. कलश खदखदून उठला, धुराचा लोट फळीवरून खाली पुढच्या रांगेवर गेला. तळाशी पांढरे खडे नाचत होते.

"ड्राय आइस आहे," दादा माइकमध्ये म्हणाला. आवाज फाटलेला. "ड्राय आइस आणि स्पिरिट. मी... आमच्याकडे रोज भरतात हे. माझ्या पोरीला मीच धरून आणलं. मनगट मीच धरलं होतं."

मांडवात सगुणाबाई उभ्या राहिल्या. "अनंता, बोल! त्या मुक्या जिवाला बोलता येत नाय, तू तरी बोल!"

अनंता बोलला. बाबा पूर्वी पुण्याकडच्या एका स्टड फार्मवर कामाला होते. तिथे घोड्यांच्या अंगावर ओळखीचे नंबर गार लोखंडाने टाकत. "काळा म्हणून कोण घेत नव्हतं. हा बोलला, नंबर टाकतात तसा त्रिशूळ टाकू. मीच बांधला त्याला. वरचा ओठ दोरीने पिळून धरला. ओरडला नाही तो तेव्हा. नुसता थरथरत होता. माझ्या हातचा ना तो..."

मग मी माइक घेतला आणि वर्गात सांगते तसं सांगितलं. केसाला आणि कातडीला रंग देणाऱ्या पेशी असतात. भयंकर गारठलेला धातू टेकवला की त्या मरतात. केस गळतो, खपली धरते, आणि त्याच मुळातून पुन्हा केस येतो तो रंगाविना, पांढरा. म्हणून घोड्याला दोन महिने कापडाखाली झाकून ठेवलं होतं. हा हात रंग मारून टाकतो, आणत नाही. काळ्याचं पांढरं करण्याची ही रीत आहे, पांढऱ्याचं काळं ह्याने कधीच होणार नाही. उलट कोड असलेल्या कातडीला अशी जखम झाली तर तिथे नवा डाग उठू शकतो.

मग एक गृहस्थ शांतपणे म्हणाले, "मॅडम, पण बर्फ वापरायची बुद्धी तरी देवानेच दिली ना?"

ज्या म्हातारीने मला देव जेवायला गेला का विचारलं होतं, तिने परडीतली फुलं तशीच भुंग्यासमोर ठेवली, नमस्कार केला आणि निघाली. चमत्कार उघडा पडला म्हणून लोकांचे हात रिकामे होत नाहीत. जोडायला त्यांना काहीतरी लागतंच.

बाबांविरुद्ध तक्रार दादाने दिली. जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला, बाबा जामिनावर सुटले, आता म्हणे दुसऱ्या गावी दुसऱ्या नावाने बसतात. शोवाल्याने भुंगा घेतलाच. सगळं माहीत असून घेतला. "मार्क तर परमनंट आहे ना, साईं?" त्याने एवढंच विचारलं. परवा कुणीतरी व्हिडिओ पाठवला. परक्या शहरातला मांडव, ताशा नाही, नाच नाही. भुंगा उभा आहे आणि माणसं त्याच्या कपाळाला हात लावून तो डोळ्यांना लावतायत. प्रत्येक हाताला तो मान मागे ओढतो. भावनाने व्हिडिओ पूर्ण पाहिला नाही. सगुणाबाई तबेल्यात आता गात नाहीत.

तुमच्या गावातही उद्या असा मांडव पडेल. तेव्हा माझं एवढंच मागणं आहे. हात जोडण्याआधी ते मोकळे ठेवा आणि बघा. धूर कुठे जातोय, कापडाखाली काय झाकलंय, मुका जीव कुणाला भितोय. आणि जे कामावर खरं असतं ते मांडवातही खरंच असतं, हे विसरू नका.

भावनाचं मलम आणि मशीन पुन्हा सुरू झालं आहे. ओठाजवळचा ठिपका हळूहळू भरतोय. भरला नाही तरी चालेल, असं ती आता म्हणते. मनगटावरचा त्रिशूळ मात्र जाणार नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. ती मुद्दाम आखूड बाह्यांचे कपडे घालते. परवा एका नातेवाईक बाईंनी तिचा हात उलटापालटा करून चुकचुकत विचारलं, "अगं बाई, हे कोड का?"

"हे कोड, काकू," तिने गोल ठिपक्यावर बोट ठेवलं. "हे आपोआप आलं, ह्यात कुणाची चूक नाही." मग बोट त्रिशुळावर नेलं. "आणि हे तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या ना, त्याचं आहे."

दादा तिथेच बसला होता.